अनेक मांजरांच्या घरातील स्थूल मांजर : आहाराच्या विभागणीचा विचार

लोण्याच्या गोळ्यासाठी भांडणारी दोन मांजरे आणि तराजू घेऊन त्यांचा न्याय करावयास बसलेले माकड, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. वाटणी समसमान झाली म्हणजे न्याय झाला, अशी त्या दोन्ही मांजरांची समजूत होती. आज ज्या घरांत दोन वा अधिक मांजरे पाळली जातात, त्या घरांतील माणसांची समजूतही बहुधा ह्याहून वेगळी नसते. एक मोठी बशी भरून ठेवावी आणि ज्याला जेव्हा भूक लागेल त्याने तेव्हा खावे, अशी सर्वसाधारण रीत असते. वर्ष-दोन वर्षांनी असे दिसून येते की, एक मांजर बेसुमार सुटले आहे आणि दुसरे आहे तसेच आहे, किंवा किंचित वाळलेही आहे. मग पाळणारा बशीतील अन्न कमी करतो. येथेच खऱ्या अडचणीला आरंभ होतो. कारण बशीतील अन्न कमी केले म्हणजे ते नेमके कोणाच्या वाट्याचे कमी झाले, हे बशीवरून कळत नाही.

स्थूल मांजराचे वजन कसे उतरवावे, ह्यासंबंधीचे पशुवैद्यकीय ज्ञान आज पुष्कळ निश्चित झालेले आहे. परंतु ते बहुतांशी एकेका मांजराला धरून मांडले जाते. अनेक मांजरांच्या घरात ते लागू करावयाचे, तर ‘किती अन्न ठेवले’ ह्यापेक्षा ‘कोणी किती खाल्ले’ हा प्रश्न अगोदर सोडवावा लागतो. हे जोपर्यंत साधत नाही तोपर्यंत बाकीचे सर्व हिशेब कागदावरच राहतात. इतकेच नव्हे, तर ते एखाद्या मांजराच्या जिवावरही बेतू शकतात. प्रस्तुत लेखात ह्या मुद्द्याचे शक्य तितके सोपपत्तिक विवेचन करावयाचे आहे.

१. स्थूलता कशास म्हणावे?

आदर्श वजनापेक्षा सुमारे १० ते २० टक्के अधिक वजन असलेल्या मांजरास अतिवजनी आणि २० टक्क्यांहून अधिक असलेल्यास स्थूल म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आदर्श वजन हा काही सर्व मांजरांना सारखाच लागू पडणारा आकडा नव्हे. लहान चणीच्या मांजरीला साडेचार किलोग्रॅम हे वजन फार होईल, तर मोठ्या हाडापेराच्या बोक्याला ते कमीही पडेल. म्हणून केवळ वजनावर न विसंबता शरीराची ठेवण पाहावी लागते. लाफ्लाम ह्या संशोधिकेने १९९७ मध्ये मांजरांसाठी प्रसिद्ध केलेली ९ अंकांची श्रेणी ह्या कामी सर्वत्र वापरली जाते. तिच्यात ५ हा अंक आदर्श स्थितीचा निदर्शक असून त्यावरील प्रत्येक अंक सुमारे १० ते १५ टक्के अधिक वजन दर्शवितो.

परीक्षेची रीत साधी आहे. बरगड्यांवरून हलका हात फिरविला असता त्या चरबीच्या पातळ थराखाली सहज जाणवल्या पाहिजेत. वरून पाहिले असता बरगड्यांच्या मागे कंबर दिसली पाहिजे. बरगड्या दाबून शोधाव्या लागत असतील, कंबर नाहीशी झालेली असेल आणि पोटाखाली चरबीची गादी हाताला लागत असेल, तर ते मांजर स्थूल होय. येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. पुष्कळशा सडपातळ मांजरांच्याही पोटाखाली कातडीची एक सैल झोळी असते व चालताना ती हलते. ती रिकामी असेल तर तिला स्थूलतेचे लक्षण समजू नये.

स्थूलता ही केवळ रूपाची बाब नाही. स्कार्लेट व डोनोह्यू ह्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आदर्श बांध्याच्या मांजरांच्या तुलनेने स्थूल मांजरांत मधुमेह होण्याचा संभव सुमारे चौपट असल्याचे आढळून आले. ह्याखेरीज लंगडणे, सांध्यांवर ताण पडणे, अंग चाटून स्वच्छ ठेवता न आल्यामुळे होणारे त्वचेचे विकार आणि भूल देताना वाढणारा धोका ह्या गोष्टीही तिच्याशी निगडित आहेत. घराबाहेर न पडणारी, मध्यम वयाची आणि निर्बीजीकरण झालेली मांजरे स्थूलतेकडे विशेष झुकतात. निर्बीजीकरणानंतर ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. अर्थात निर्बीजीकरण करू नये, असा ह्याचा अर्थ नव्हे. शस्त्रक्रियेनंतर पूर्वीचेच माप चालू ठेवू नये, एवढाच ह्यातील बोध आहे.

२. मार्जारप्रकृतीची काही वैशिष्ट्ये

पाळीव मांजराचा वंश पश्चिम आशियातील रानमांजरापासून उत्पन्न झाला, हे ड्रिस्कॉल व त्यांचे सहकारी ह्यांनी २००७ मध्ये आनुवंशिक पुराव्याच्या आधारे दाखवून दिले. हे रानमांजर एकट्याने शिकार करते आणि आपल्याहून पुष्कळच लहान प्राणी मारून खाते. एका उंदरापासून सुमारे ३० उष्मांक मिळतात. (येथे व पुढे उष्मांक म्हणजे आहारशास्त्रातील किलोकॅलरी होय.) अशा भक्ष्यावर जगणाऱ्या प्राण्याला दिवसाकाठी अनेकदा शिकार करून अनेकदा थोडे थोडे खावे लागते, हे उघड आहे. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पंक्तीची कल्पना मांजराच्या स्वभावात नाही. शिकार कोणाशी वाटून घ्यावयाची नसल्यामुळे, दुसऱ्या मांजराच्या शेजारी बसून खाणे ही त्याच्या दृष्टीने सहजस्थिती नव्हे. अन्न मुबलक असेल तेथे मांजरे एकत्र राहतात, एकमेकांस चाटतात, एकमेकांच्या अंगावर झोपतातही. परंतु खाण्याच्या वेळची त्यांची वृत्ती एकलीच राहते.

ही वृत्ती भांडणातून प्रकट होतेच असे नाही. एका मांजराने दाराच्या उंबऱ्यात आडवे पडून राहावे, दुसऱ्याकडे टक लावून पाहावे आणि दुसऱ्याने मुकाट्याने मागे फिरावे, एवढ्यावरच सर्व व्यवहार संपतो. घरातील माणसास वाटते की, दोघांचे छान जमते. प्रत्यक्षात एक मांजर मनाजोगते खात असते व दुसरे त्याचे झाल्यावर येते, किंवा संधी सापडताच घाईघाईने गिळते. घाईने खाणारे मांजर स्थूल होऊ शकते आणि मागे राहणारे कृश. म्हणजे एकाच बशीतून दोन परस्परविरुद्ध विकार उद्भवू शकतात.

दुसरे वैशिष्ट्य शरीरव्यापाराचे आहे. मांजर हा अनिवार्यतः मांसाहारी प्राणी आहे. प्रथिनांचे विघटन करणारी त्याच्या यकृतातील यंत्रणा आहारात प्रथिने कमी झाली तरी फारशी मंदावत नाही. त्यामुळे अन्नातून प्रथिने मिळाली नाहीत तर ती स्वतःच्या स्नायूंतून खर्ची पडतात. टॉरिन हे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते. त्याच्या अभावी डोळ्यांतील दृष्टिपटल खराब होते, हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. भाज्यांतील कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करणेही त्याला साधत नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुकच त्याच्यात निकामी झालेले आहे, असे २००५ मध्ये दिसून आले. सारांश, ‘थोडे कमी खाऊ घाला’ हा माणसाला करावयाचा उपदेश मांजराला जसाच्या तसा लागू पडत नाही. नेहमीच्याच अन्नाचे माप फार घटविले, तर उष्मांकांबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही घटतात. वजन उतरते खरे, पण ते चरबीइतकेच स्नायूंचेही उतरते.

३. उपासाचा धोका

स्थूल माणसाने एक-दोन दिवस लंघन केले तर सहसा काही बिघडत नाही. स्थूल मांजराच्या बाबतीत मात्र तसे करणे प्राणघातक ठरू शकते. अन्न बंद झाले की शरीरातील चरबी मोठ्या प्रमाणावर सुटून यकृताकडे येते. तिचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची शक्ती मर्यादित असल्यामुळे ती यकृतपेशींतच साचू लागते आणि काही दिवसांतच यकृताचे कार्य बंद पडण्याच्या मार्गास लागते. ह्या विकारास हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. मांजर निस्तेज होते, लाळ गाळते, ओकते, त्याच्या कानांची आतील कातडी व हिरड्या पिवळ्या पडतात. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ह्या विकारामुळे त्याची भूकच मरते, म्हणजे कारण आणि कार्य ह्यांचे चक्र सुरू होते. वेळीच नळीने अन्न देऊन उपचार केल्यास पुष्कळशी मांजरे वाचतात; उपचार न झाल्यास बहुधा दगावतात.

हा धोका अनेक मांजरांच्या घरात अधिक का, हे आता ध्यानात येईल. मालकाने नवे, कमी उष्मांकांचे अन्न आणले आणि स्थूल मांजराने त्यास तोंडच लावले नाही, तरी दुसऱ्या मांजराने खाल्ल्यामुळे बशी सायंकाळी रिकामीच दिसते. आपले मांजर खात आहे, अशा समजुतीत दोन-तीन दिवस निघून जातात. एकाच मांजराच्या घरात भरलेली बशी इशारा देते. अनेक मांजरांच्या घरात तो इशाराच नाहीसा होतो. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. नवे अन्न जुन्या अन्नात थोडे थोडे मिसळून ८ ते १० दिवसांत, हट्टी मांजराच्या बाबतीत त्याहूनही सावकाश, बदलावे. ‘भूक लागली की खाईल’ ह्या न्यायाने मांजरास कधीही अडवून धरू नये. स्थूल मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याशी बोलावे. दोन दिवस खाल्ले नाही तर त्यास तात्काळ घेऊन जावे.

४. दोन मांजरांचा हिशेब

प्राण्याचे वजन आणि त्याची विश्रांतिकालीन ऊर्जागरज ह्यांचा संबंध सरळ प्रमाणाचा नसून वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताचा असतो, हे माक्स क्लायबर ह्यांनी १९३२ मध्ये दाखविले. पशुवैद्यकात ह्यावरून, किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ घात गुणिले ७० हे सूत्र वापरतात. हिशेबास सोपी रीत अशी की, वजनाचा घन करावा व त्याचे दोन वेळा वर्गमूळ काढावे. वजन उतरविण्यासाठी आरंभी ह्या संख्येच्या ०.८ पट उष्मांक द्यावेत; मात्र सूत्रात आजचे वजन न घालता आदर्श वजन घालावे. चरबीची ऊती इतर ऊतींच्या मानाने फारच कमी ऊर्जा खर्च करीत असल्यामुळे आजच्या वजनावरून केलेला हिशेब फुगलेला येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांजरांसाठी वेगळे घातांक दिलेले आहेत. सडपातळ मांजरांसाठी ०.६७ आणि अतिवजनी मांजरांसाठी अवघा ०.४ असे ते असून त्यांतही हेच तत्त्व प्रतिबिंबित झालेले आहे.

उदाहरणादाखल एक घर कल्पू. घरात एक बोका आहे, त्याचे वजन ५.२ किलोग्रॅम आणि आदर्श वजन ४ किलोग्रॅम. म्हणजे तो ३० टक्के अधिक वजनाचा आहे. त्याच्यासोबत ३.५ किलोग्रॅम वजनाची एक सडपातळ मांजरी आहे. दोघांचेही निर्बीजीकरण झालेले आहे. ४ चा घन ६४, त्याचे वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, त्यास ७० ने गुणिले असता १९८ उष्मांक येतात. त्याच्या ०.८ पट म्हणजे १५८. उंदरांच्या भाषेत बोलायचे तर पाच उंदीर! मांजरीची विश्रांतिकालीन गरज ह्याच रीतीने १७९ उष्मांक येते. तिला आहे ते वजन टिकवावयाचे असल्यामुळे, निर्बीजीकृत प्रौढ मांजराच्या प्रघातानुसार, १.२ पट म्हणजे २१५ उष्मांक लागतील. अर्थात मोठ्या बोक्याला कमी आणि लहानशा मांजरीला जास्त, असा हा प्रथमदर्शनी उलटा दिसणारा हिशेब आहे.

१०० ग्रॅममध्ये ३७५ उष्मांक असलेले कोरडे तयार अन्न घेतले, तर बोक्याचा दिवसाचा वाटा ४२ ग्रॅम आणि मांजरीचा ५७ ग्रॅम होतो. दोहोंतील अंतर अवघे १५ ग्रॅम आहे. बोक्याने मांजरीच्या बशीतील तेवढे अन्न रोज पळविले, तर दोघांच्या वाट्यांची नेमकी अदलाबदल होते. बोक्याला २१४ उष्मांक मिळून त्याचे वजन उतरणे जवळजवळ थांबते, आणि जिला वजन उतरविण्याची मुळीच गरज नाही ती मांजरी १५९ उष्मांकांवर राहून वाळू लागते. एकूण ९९ ग्रॅमचे माप मात्र अचूक पाळले गेलेले असते! गोष्टीतल्याप्रमाणे समसमान वाटणी केली, तरी प्रत्येकाच्या वाट्यास ४९.५ ग्रॅम येऊन बोक्यावर उपाय अपुरा पडतो आणि मांजरीवर अन्याय होतो.

ही सूत्रे आरंभाचा अंदाज देतात, निर्णय देत नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. एकाच वजनाच्या दोन मांजरांच्या गरजांत पुष्कळ तफावत असू शकते. खरा निर्णय वजनाच्या नोंदीनेच करावयाचा असतो.

५. विभागणीचे मार्ग

बशी भरून ठेवण्याची रीत सोडून नेमलेल्या वेळी, नेमलेल्या मापाने, प्रत्येकास वेगळे अन्न देणे ही पहिली पायरी होय. मांजराच्या मूळ सवयीशी मेळ राहावा म्हणून दिवसाचा वाटा चार-पाच लहान भागांत द्यावा. घरात जितकी मांजरे तितक्या बशा, एवढ्याने मात्र काम भागत नाही. बशा अशा ठिकाणी हव्यात की, खाताना एकास दुसरे दिसू नये. सर्वांत खात्रीचा व बिनखर्ची उपाय म्हणजे वेगवेगळ्या खोल्या. दार लावून घ्यावे, १५ ते २० मिनिटे द्यावीत, उरलेले अन्न उचलून तोलावे आणि मगच दार उघडावे. ह्यात एक लाभ असा की, कोणी किती खाल्ले व कोणी खाल्ले नाही हे त्याच क्षणी कळते. मागील परिच्छेदांत सांगितलेला हरवलेला इशारा परत मिळतो.

दिवसभर घर बंद असणाऱ्यांना हे साधणे कठीण जाते. त्यांच्यासाठी उंचीचा किंवा आकाराचा उपयोग करता येतो. आपल्याकडे शिंक्याची योजना ह्याच तत्त्वावर होती. आणि शिंके तुटले म्हणजे बोक्याचे फावते, हेही आपणांस ठाऊक आहे. सडपातळ मांजरी सहज उडी मारील पण जड बोक्यास जमणार नाही अशा फळीवर तिचे अन्न ठेवावे. किंवा एखाद्या झाकणाच्या खोक्यास केवळ तिला आत शिरता येईल एवढे भोक पाडून आत तिची बशी ठेवावी. हे दोन्ही उपाय तात्पुरते समजावेत. बोक्याचे वजन जसजसे उतरेल तसतसा तो फळीवर चढू लागेल आणि भोकातूनही शिरू लागेल. शिवाय कृश मांजर वृद्ध किंवा सांधेदुखीने पीडित असेल तर उंचीचा उपाय उलटाच पडतो.

अलीकडच्या काळात ह्या प्रश्नावर यंत्राचे साहाय्य मिळू लागले आहे. मांजराच्या खांद्यांच्या मधोमध कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप बसवितात. तिचा क्रमांक ओळखून केवळ त्याच मांजरासाठी झाकण उघडणाऱ्या बशा मिळतात. चिप नसेल तर गळपट्ट्यास अडकविण्याची खूणचकती चालते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची उंदरांची जुनी योजना अशा रीतीने मांजराच्याच हितासाठी अंमलात आली, असे विनोदाने म्हणता येईल. तथापि हे यंत्रही निर्दोष नाही. झाकण उघडे असताना धीट मांजर बाजूने किंवा मागून तोंड घालते. म्हणून बशीच्या तिन्ही बाजूंस आडोसा करावा आणि यंत्र बसविल्यावर पहिले काही दिवस प्रत्यक्ष पाहत राहावे.

अन्न काढून घेण्यास थोडे श्रम पडावेत अशी कोडीखेळणी दिल्यास खाण्याचा वेग मंदावतो. परंतु श्रम करून मिळविलेल्या अन्नाची मांजरांस विशेष आवड असते असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोडे आणि उघडे ताट ह्यांपैकी मांजरांनी सामान्यतः उघडे ताटच पसंत केले. म्हणून कोडे आरंभी अगदी सोपे ठेवावे. आणि ज्या घरात शेजारीच दुसऱ्याची उघडी बशी असेल तेथे त्यापासून फारशी अपेक्षा करू नये. दोरीस बांधलेल्या पिसामागे रोज दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे धावावयास लावणे स्नायूंस व मनास हितकर आहे. पण वजन उतरते ते मुख्यतः आहारामुळेच.

६. दूधभात, वाटी आणि घरातील माणसे

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत मांजरास दूधभात किंवा दुधात कुस्करलेली पोळी घालण्याची रूढी आहे. वर सांगितलेल्या प्रकृतिधर्माच्या दृष्टीने हा आहार प्रथिनांत उणा व पिष्टात अधिक असून टॉरिनची गरज त्यातून भागत नाही. बाहेर जाऊन उंदीर, पाली, पक्षी मारणाऱ्या मांजराची उणीव शिकारीने भरून निघत असे. सदनिकेत कोंडलेल्या मांजराची ती भरून निघत नाही. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा नीट पचतही नाही. म्हशीच्या ५० मिलिलिटर दुधात सुमारे ५० ते ५५ उष्मांक असतात, म्हणजे वरील उदाहरणातील बोक्याच्या दिवसाच्या वाट्याचा एक-तृतीयांश भाग. एवढे दूध बशीत ओतले तर ते डोळ्यांत भरतही नाही. लहरीखातर द्यावयाचा खाऊ एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावा व तो वाट्यातून वजा करावा, हा नियम येथे फार उपयोगी पडतो.

कोरड्या अन्नाच्या तुलनेने डबाबंद ओल्या अन्नात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते व १०० ग्रॅममध्ये साधारणतः ८० ते १०० उष्मांक असतात. बोक्याच्या १५८ उष्मांकांसाठी ८५ उष्मांकांचे अन्न घेतल्यास सुमारे १८६ ग्रॅम देता येते. ४२ ग्रॅमच्या कोरड्या दाण्यांपेक्षा ह्या घासांनी पोट अधिक भरते. वजन उतरविण्यासाठीच बनविलेल्या पथ्यान्नात उष्मांक कमी, पण प्रथिने व जीवनसत्त्वे पुरेशी असतात. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याने तेच वापरणे इष्ट. घरातील इतर मांजरे प्रौढ व निरोगी असतील तर सर्वांना तेच पथ्यान्न वेगवेगळ्या मापाने देता येईल काय, हेही त्यास विचारावे. वाढीची पिले, गाभण मांजरी व आजारी मांजरे ह्यांना मात्र ते चालत नाही.

माप वाटीने किंवा पेल्याने न करता ग्रॅमच्या काट्यावर करावे. लिव्हरपूल विद्यापीठातील जर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविल्याप्रमाणे, मापाच्या पेल्याने कोरडे अन्न मोजताना चुका होतात आणि लहान मापांत त्या विशेष होतात. मांजराचे माप तर लहानच असते. ज्या हिशेबात १५ ग्रॅमने सर्व काही उलटेपालटे होते, त्यात ‘अंदाजे अर्धी वाटी’ हे माप निरुपयोगी होय.

शेवटची विभागणी माणसांमधली आहे. सकाळी आईने, दुपारी आजीने, रात्री मुलांनी आणि मधूनमधून शेजाऱ्यांनी असे चार हातांनी अन्न पडत असेल, तर कोणतीही चिप कामास येत नाही. प्रत्येक मांजराचा दिवसाचा वाटा सकाळीच तोलून त्याच्या नावाच्या डब्यात भरावा; ज्यास जे द्यावयाचे ते त्याने त्या डब्यातूनच द्यावे आणि डबा रिकामा झाला की दिवस संपला असे समजावे. माया करण्याचा आजीचा अधिकार कोणी काढून घेऊ नये. तो डब्यापुरता मर्यादित करावा, म्हणजे झाले. पहाटे बशीपाशी बसून ओरडणाऱ्या मांजराची कीव येणे साहजिक आहे. परंतु कॉर्नेल येथील लेव्हाइन, अर्ब व हॉप्ट ह्यांच्या २०१६ च्या अभ्यासात असे दिसले की, पथ्यावर ठेवलेली मांजरे जेवणापूर्वी अधिक आर्जव करीत असली तरी मालकांशी त्यांचा लळा कमी न होता, उलट वाढल्याचे मालकांना जाणवले. पथ्य पाळल्याने मांजर दुरावेल, ही भीती अनाठायी आहे.

७. नोंद आणि निर्णय

पथ्य सुरू करण्यापूर्वी घरातील सर्व मांजरांची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, केवळ स्थूल मांजराची नव्हे. त्यानंतर प्रत्येकाचे वजन दर आठवड्यास, एकाच वेळी, तान्ह्या मुलांच्या काट्यावर करून वहीत लिहावे. स्थूल मांजराचे वजन आठवड्यास ०.५ ते १ टक्का ह्या गतीने उतरणे समाधानकारक मानतात. २ टक्क्यांहून अधिक वेग धोक्याचा समजावा व अन्न वाढवावे. आपल्या उदाहरणातील बोक्याच्या बाबतीत १ टक्का म्हणजे पहिल्या आठवड्यास ५२ ग्रॅम. माणसांच्या वजनकाट्यावर हा फरक दिसणारच नाही. ह्या गतीने आदर्श वजन गाठण्यास त्यास सुमारे २६ आठवडे लागतील. निम्म्या गतीने पूर्ण वर्ष. एखाद्या आठवड्याच्या चढउतारास महत्त्व न देता तीन-चार आठवड्यांचा कल पाहावा. वजन मुळीच उतरत नसेल तर माप घटविण्यापूर्वी चोरीचा शोध घ्यावा. चोरी नाही अशी खात्री झाल्यावरच माप ५ ते १० टक्क्यांनी कमी करावे.

वहीतील दुसऱ्या स्तंभाचे, म्हणजे सडपातळ मांजराच्या वजनाचे, महत्त्व पहिल्याहून तिळभरही कमी नाही. ते घसरू लागले तर दोन शक्यता असतात. एक, त्याचा वाटा दुसरे मांजर खात आहे. किंवा दोन, त्यास काही रोग आहे. वयस्क मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल तर कंठग्रंथीचा अतिरेकी स्राव, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार ह्यांचा विचार करावा लागतो. सामाईक बशीच्या घरात असे रोग महिनोन्‌महिने झाकून राहतात. वाटे वेगळे केल्याने स्थूल मांजराचे वजन तर उतरतेच, पण इतरांच्या दुखण्यांचाही वेळीच सुगावा लागतो.

इष्ट वजन गाठल्यावर अन्न हळूहळू वाढवीत वजन स्थिर राहील असे माप शोधावे. परंतु सामाईक बशीकडे परत जाऊ नये. उतरलेले वजन पुन्हा चढते ते बहुधा ह्याच टप्प्यावर, कारण कार्यभाग उरकला असे मालकास वाटते आणि बोका तर त्याच क्षणाची वाट पाहत असतो.

वरील विवेचनाचे सार असे की, अनेक मांजरांच्या घरातील स्थूलतेवर उपाय करताना घर हे एकक न धरता मांजर हे एकक धरले पाहिजे. त्यासाठी वेगळी बशी, ग्रॅमचा काटा, नावाचा डबा आणि प्रत्येक मांजराच्या नावाचा स्तंभ असलेली वही एवढे साहित्य पुरेसे आहे. गोष्टीतील माकडाच्या हाती तराजू होता, पण मांजरांना भूक किती हे त्याने विचारले नाही. आपण तो प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तोही प्रत्येक मांजरास वेगळा.